बर्ड फ्लूची साथ संपेल, पण सेब्राइट कोंबडी परत कुठून आणायची?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून घरी एकच कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. कारण बर्ड फ्लू. या साथीत मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या नुकसानीची चर्चा होते. पण कायमचं नुकसान होऊ शकतं ते सेब्राइटसारख्या दुर्मिळ जातींचं.

सेब्राइट म्हणजे काय?

जेमतेम ६०० ग्रॅम वजनाची ही बुटकी कोंबडी. सोनेरी किंवा चंदेरी पिसं आणि प्रत्येक पिसाला काळी किनार. १९व्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉन सेब्राइट यांनी संकरातून ही जात तयार केली. गंमत म्हणजे यातला कोंबडाही कोंबडीसारखाच दिसतो, कारण त्याच्या त्वचेत नर हार्मोनचं रूपांतर मादी हार्मोनमध्ये होतं. मात्र नरांची प्रजननक्षमता कमी असते आणि पिल्लंही नाजूक असतात. त्यामुळे संख्या पटकन वाढत नाही.

साथ आली की काय होतं?

एका ठिकाणी बर्ड फ्लू सापडला की तिथले निरोगी पक्षीही सहसा मारले जातात. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हाही लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पण पोल्ट्रीसाठी हॅचरीतून नवी पिल्लं आणता येतात. सेब्राइट मात्र मोजक्या हौशी लोकांकडे असते. एक खुराडं रिकामं झालं की कित्येक वर्षांची निवड संपते. सरकार मारलेल्या निरोगी पक्ष्यांची भरपाई देतं, पण वंशाची भरपाई कशी देणार?

म्हणूनच रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्टने २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या सगळ्या देशी कोंबड्या सर्वाधिक काळजीच्या यादीत टाकल्या.

मग उपाय?

अंड्यातल्या मोठ्या बलकामुळे कोंबडीचं अंडं किंवा भ्रूण गोठवून ठेवता येत नाही. डॉली मेंढी जिथे जन्मली, त्या रोस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये दुर्मिळ कोंबड्यांच्या प्रजनन पेशी गोठवून दुसऱ्या कोंबड्यांमार्फत पिल्लं मिळवण्याचं तंत्र विकसित झालंय.

साधा उपाय म्हणजे एकाच जातीचे पक्षी अनेक गावांत ठेवणं. पण साथीच्या काळात प्रदर्शनं बंद होतात आणि पक्ष्यांची देवाणघेवाणही थांबते.

विषाणू जात बघत नाही, त्यामुळे पक्षी मारण्याचा नियम चुकीचा म्हणता येत नाही. मात्र जात वाचवण्याची तयारी साथ येण्याआधीच व्हायला हवी.