माळावरचा वणवा आणि अंगणाची आखणी

सोलापूर जिल्ह्यातील वणवा म्हणजे घनदाट अरण्याची आग नव्हे, तर वाळलेल्या गवतावरून धावणारी आग होय. आणि हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज येथील घराभोवती कोणती झाडे लावावीत, ती किती अंतरावर लावावीत आणि कोणती जागा मोकळीच राखावी, या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. पर्जन्यछायेतील या जिल्ह्याच्या माळांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते पावसाळ्यात वाढतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत पूर्ण कोरडी होतात. अशा गवताला बारीक इंधन म्हणतात, म्हणजे ज्याच्या काड्या इतक्या पातळ असतात की हवा कोरडी पडताच त्यांतील उरलासुरला ओलावा तासाभरात उडून जातो. विडीचे एक थोटूक, बांध साफ करण्यासाठी लावलेला जाळ किंवा ऊस तुटून गेल्यावर फडात पेटवलेले पाचट अशा माळाला पुरते. म्हणूनच वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम मानते.

यावर सहज सुचणारा उपाय माळच नांगरून टाकण्याचा किंवा त्यावर दाट झाडी लावण्याचा असतो, आणि तो चुकीचा आहे. नान्नज परिसरातील ज्या माळांसाठी १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले, ते माळ उजाड पडलेले जंगल नसून स्वतंत्र परिसंस्था आहेत. काळवीट, लांडगा आणि उघड्या जमिनीवर अंडे घालणारा माळढोक यांचे जीवन त्या गवताशी बांधलेले आहे. त्यामुळे घर वाचवायचे ते माळ संपवून नव्हे, तर अंगण आणि परसबाग नीट आखून, हेच या विषयाचे मर्म आहे.

त्याला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी दाखवून दिले की वणव्यात घर पेटेल की नाही हे मुख्यतः घराच्या बांधणीवर आणि त्याच्या लगतच्या सुमारे शंभर फुटांच्या परिसरावर ठरते. ज्वाळा भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या पोहोचतात आणि वळचणीतला पालापाचोळा, दाराशी रचलेले सरपण किंवा भिंतीला टेकलेले वाळके झुडूप पेटवतात. कॅलिफोर्नियाने घराभोवती शंभर फुटांचा पट्टा राखण्याचा कायदा याच कारणाने केला आणि २०२० साली भिंतीलगतच्या पाच फुटांसाठी त्यात वेगळ्या तरतुदीची भर घातली.

हे तत्त्व सोलापूरच्या जुन्या वस्तीला अपरिचित नव्हते. मातीच्या जाड थराचे माळवद ठिणगीने पेटत नसे, आणि शेणामातीने सारवलेले, रोज झाडलेले अंगण हा घराभोवतीचा बिनजळणाचा पट्टाच होता. आज अंगण आक्रसले आहे. शेतवस्तीवर गोठ्याला पाचटाचे छप्पर, त्याला लागून कडब्याची गंज, शेजारी गोवऱ्यांचा ढीग आणि वर ताडपत्री किंवा शेडनेट अशी रचना दिसते. ज्वारीचा कडबा ही या जिल्ह्याची दौलत आहे, पण तीच घराला चिकटून रचली तर एका ठिणगीसरशी घर आणि वर्षाचा चारा दोन्ही जातात.

म्हणून आखणी तीन पट्ट्यांत करावी. भिंतीपासून पाच फुटांपर्यंत फरशी, मुरूम किंवा सारवलेली जमीन असावी. तेथे चिरेबंदी वृंदावनातील तुळशीखेरीज काही नसावे, आणि तिच्याही वाळलेल्या मंजिऱ्या खुडत जाव्यात. पाच ते तीस फुटांच्या पट्ट्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर हिरवी राहणारी झाडे लावावीत: अळू, कढीपत्ता आणि जनावरे ज्याला तोंड लावत नाहीत तो अडुळसा. करंज किंवा कडुनिंब याच्या बाहेरच्या कडेला लावावा, छपरावर फांदी येऊ देऊ नये आणि जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात, कारण गवतावरून झुडपावर, झुडपावरून फांदीवर आणि फांदीवरून छपरावर अशी आगीची शिडी तयार होते. तीस ते शंभर फुटांत बोर, हिवर, तरवड आणि जवळजवळ पाने नसल्यामुळे पाचोळा कमी करणारी नेपती यांचे सुटे पुंजके ठेवावेत, मधले गवत कापून चाऱ्यासाठी न्यावे, आणि कडब्याची गंज या पट्ट्याच्या बाहेरच रचावी. वाळक्या काट्यांचे कुंपण हे आगीला दिलेले आमंत्रण होय. त्याऐवजी दगडी बांध घालावा किंवा तीनधारी निवडुंगाचे जिवंत कुंपण करावे, मात्र त्याचा चीक डोळ्यांना घातक असल्याने ते मुलांच्या वावरापासून दूर असावे.

स्थानिक म्हणजे न जळणारे, असा समज मात्र करून घेऊ नये. कुसळी स्थानिकच आहे आणि ती झपाट्याने पेटते. फरक इतकाच की तिच्या बियांचे कुसळ ओलाव्याने पीळ सोडत-घालत बी मातीत रुतवते आणि तिचे ठोंब पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. स्थानिक झाडांचा खरा लाभ असा की ती अल्प पाण्यावर तग धरतात, आणि जिवंत, ओलावा असलेले झाड वाळलेल्या झाडापेक्षा सावकाश पेट घेते. उलट निलगिरीच्या पानांत ज्वालाग्राही तेल असते आणि घाणेरीची जाळी आत वाळक्या काटक्या साठवते. परक्या गवताची किंमत हवाई बेटांवरील लाहायना गावाने ऑगस्ट २०२३ मध्ये मोजली: उसाचे मळे बंद पडलेल्या जमिनींवर गिनी गवतासारखी परदेशी गवते माजली होती, वादळी वाऱ्यात आग त्यांवरून गावात शिरली आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली. उसाच्या सोलापूरने पडीक फडांकडे दुर्लक्ष करू नये, हा त्यातला धडा आहे. पाचटाचे आच्छादन शेतात जमिनीचा ओलावा राखते, तेव्हा ते जाळण्याऐवजी तेथेच पसरावे. पण घराच्या भिंतीशी त्याला थारा देऊ नये.

यातील बहुतेक कामांना खर्च फारसा नाही, वेळेचे भान मात्र लागते. होळीपूर्वी प्रत्येक वस्तीने पन्हाळी व वळचणी झाडाव्यात, गंज हलवावी, गवत कापावे आणि अंगण पुन्हा सारवावे. म्हणजे घरही राहील आणि घरापलीकडचा माळही राहील.