स्वस्तात मिळणारी महागडी मोटार

"चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला" ही म्हण आपल्या पूर्वजांनी प्रचारात आणली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारगाडी खचितच नव्हती. तथापि आमचा आजचा विषय या म्हणीत जितका नेमका बसतो, तितका दुसऱ्या कशातही बसत नाही. इटलीत बनलेल्या उंची मोटारी जुन्या झाल्यावर इंटरनेटवरून विकत घेण्याचा हा विषय आहे. हे वाचून आमचे काही वाचक हसतील. शेतीभातीत व गुराढोरांत रमलेल्या कुटुंबांना मासेराती नि फेरारी यांच्याशी काय कर्तव्य, असेही ते विचारतील. परंतु वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील किती घरांचे मुलगे आज आखाती देशांत, बोटींवर अथवा इंग्लंडात चाकरीस आहेत, याची मनाशी गणती करून पाहा. दिवसभराचे काम आटोपून हे तरुण खोलीवर येतात, हातातील फोन उघडतात, आणि एकेकाळी केवळ धनिकांच्या दारी उभी राहणारी मोटार आपल्या दोन-तीन वर्षांच्या बचतीत बसेल अशा किमतीला मांडलेली पाहतात. सुटीवर आल्यावर त्यांतले काही जण आम्हांस ती चित्रे दाखवून विचारतात, "फादर, एवढ्या किमतीत ही गाडी हातची सोडावी का?" त्यांना आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून आम्ही हे लिहीत आहोत.

प्रथम या मोटारींविषयी न्यायाचे दोन शब्द बोलले पाहिजेत. उत्तर इटलीत बोलोन्या व मोदेना ही दोन जुनी शहरे आहेत. त्यांच्या परिसरात फेरारी, मासेराती व लाम्बोर्गिनी या तिन्ही कारखान्यांनी आपले नाव कमावले. मासेराती बंधूंनी १९१४ साली बोलोन्या येथे आपला व्यवसाय सुरू केला, आणि त्या शहरातील नेपच्यूनच्या कारंज्यावरील त्रिशूळ आपल्या मोटारीचे चिन्ह म्हणून घेतला. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टर बनवणारे. त्यांनी १९६३ साली मोटारींचा कारखाना काढला. या मोटारींचे रूप, त्यांच्या इंजिनाचा नाद आणि आतील कातडीकाम यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे. सुंदर वस्तू पाहून मन मोहून जाणे हे पाप नव्हे. हात आणि बुद्धी देणारा परमेश्वरच आहे, व त्या हातांच्या कामाचे कौतुक करण्यात त्याचीच स्तुती आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याने ही वस्तू नवी घेतली त्याला ती पोसणे परवडत होते. जो ती जुनी घेणार, त्याला ती पोसता येईल काय?

मासेरातीची गिबली नावाची मोटार २०१३ साली बाजारात आली. लिबियाच्या वाळवंटातून वाहणाऱ्या उष्ण वाऱ्याचे हे नाव. २०१४ साली अमेरिकेत तिची किंमत ६६,००० डॉलरांच्या पुढे सुरू होत असे. दहा वर्षे झालेल्या अशाच मोटारी आज तेथे वीस हजार डॉलरांच्याही आत मागितल्या जाताना दिसतात. भाव इतका का उतरतो? नवी मोटार घेणारा धनिक चार-पाच वर्षांत तिला कंटाळतो, कारखान्याची हमी संपते, आणि पुढील दुरुस्तीचा बोजा अंगावर पडण्यापूर्वीच तो ती विकून मोकळा होतो. ज्याला तो बोजा ठाऊक असतो तो गिऱ्हाईक मागे सरतो, म्हणून भाव खाली येतो. येथेच आमच्या तरुणांची समजूत चुकते. मोटारीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. ब्रेकचे तबक, दिव्याची काच, गिअरपेटी व ती जाणणाऱ्या कारागिराची मजुरी यांचे दर नव्या गाडीच्या मानानेच आकारले जातात. विकत घेणारा वीस हजारांचा धनी असतो, पण त्याची मोटार साठ-सत्तर हजारांच्या मोटारीचा खुराक मागते.

याची दोन-तीन उदाहरणे देतो. १९९४ ते १९९९ या काळात निघालेल्या फेरारी ३५५ या मोटारीचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, मग ती चालो वा उभी राहो. तो बदलण्यासाठी सबंध इंजिन मोटारीतून बाहेर काढावे लागते. त्या एका कामाचा खर्च काही हजार डॉलरांच्या घरात जातो. २००३ साली आलेल्या मासेराती क्वात्रोपोर्ते या मोटारीस प्रारंभी यंत्राने आपोआप क्लच दाबणारी गिअरपेटी होती. शहराच्या गर्दीत थांबत-थांबत चालवल्यास तिचा क्लच लवकर झिजे. २००७ पासून तिला नेहमीची स्वयंचलित गिअरपेटी मिळू लागली. जाणकार गिऱ्हाईक आजही या दोन प्रकारांत भेद करतो. जाहिरातीत मात्र दोन्हींची चित्रे सारखीच मोहक दिसतात. त्या काळच्या अनेक इटालियन मोटारींच्या आतील बटणांवर मऊ लेप दिलेला असे. वर्षे लोटली की तो लेप वितळल्यासारखा चिकट होतो व बोटांना लागतो. छायाचित्रात चिकटपणा दिसत नाही. "फारच थोडी चाललेली गाडी" या शब्दांनीही हुरळून जाऊ नये. उभ्या राहिलेल्या मोटारीतील रबर सुकते, तेल गळू लागते व बॅटरी मरते. गोठ्यात बांधून ठेवलेला बैल नांगराला जुंपताच लंगडू लागतो, तसाच हा प्रकार आहे.

बैलाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपला शेतकरी गुरांच्या बाजारात कसा वागतो ते आठवा. तो बैलाचे दात मोजतो, खूर पाहतो, त्याला चार पावले चालवतो, आणि सोबत एक जाणता माणूस नेल्यावाचून दलालाच्या रुमालाखाली बोट घालत नाही. तोच शेतकऱ्याचा मुलगा परदेशी गेल्यावर बैलजोडीच्या कित्येक पटींची मोटार केवळ चित्रावरून ठरवू पाहतो, हे आश्चर्य नव्हे काय? बापाची रीत मुलाने सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे. मोटारीचे दात मोजण्याचीही साधने आहेत. ती अशी:

पहिले साधन म्हणजे मोटारीचा सांगाड्यावरील क्रमांक. १९८१ पासून या क्रमांकात सतरा अक्षरे व अंक असतात. इटलीच्या मोटारींचा क्रमांक झेड या अक्षराने सुरू होतो. विकणारा हा क्रमांक देण्यास टाळाटाळ करील, तर तेथेच नमस्कार करून निघावे. दुसरे साधन म्हणजे सरकारी नोंदी. इंग्लंडात तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासण्यांचा निकाल व त्या-त्या वेळी मीटरवर असलेले मैल सरकारी संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहता येतात. एका वर्षी साठ हजार मैल आणि पुढल्या वर्षी चाळीस हजार, असे आढळले तर मीटर मागे फिरवले गेले हे उघड आहे. हा रोग लहान नाही. खोटे मीटर दाखवून विकल्या जाणाऱ्या मोटारींची संख्या अमेरिकेत दरवर्षी ४,५०,००० हून अधिक असावी, असा तेथील वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. आखातात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. अमेरिकेत अपघातात मोडलेल्या वा पुरात बुडालेल्या कित्येक मोटारी लिलावात घेऊन आखातात आणल्या जातात, व रंगरंगोटी करून विकल्या जातात. क्रमांकावरून शोध घेतल्यास त्यांचे मूळ उघडकीस येऊ शकते. तिसरे व सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे स्वतंत्र मेकॅनिक. त्या जातीच्या मोटारीची माहिती असलेला, आणि विकणाऱ्याशी कसलाही संबंध नसलेला कारागीर शोधून, त्याला पैसे देऊन, खरेदीपूर्वी मोटार तपासून घ्यावी. तो खर्च वाया गेला असे वाटले तरी हरकत नाही. वाईट गाडी न घेणे हाही लाभच आहे.

पैशांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. "मी सध्या परदेशी आहे, मोटार बोटीने पाठवतो, रक्कम अमुक मध्यस्थ कंपनीकडे भरा" असे सांगणारे भामटे पुष्कळ आहेत. मोटारीची चित्रे दुसऱ्याच्या जाहिरातीतून चोरलेली असतात आणि मध्यस्थ कंपनीही त्यांनीच उभारलेली असते. न पाहिलेल्या गाडीचा विसार न पाहिलेल्या माणसाला देऊ नये. किंमत बाजारभावाच्या निम्मी असेल तर आनंद मानण्याऐवजी संशय धरावा. "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं", हे आपल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे.

आता एक पाऊल पुढे जाऊ. आज जो घेणारा आहे तोच उद्या विकणारा होणार. गाडी पोसवेना असे झाले म्हणजे दोष झाकून ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा मोह होतो. या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. इटलीचेच सुपुत्र असलेल्या संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक सबंध प्रकरण लिहिले. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे अथवा मोडकळीस आलेले घर भक्कम म्हणून देणे, यांची उदाहरणे त्यांनी घेतली आहेत. ज्या लपलेल्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल वा जीव धोक्यात येईल, तो दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, असा त्यांचा निर्णय आहे. घोड्याला एकच डोळा आहे हे तर कोणालाही दिसते. असा उघड दोष विकणाऱ्याने बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही, मात्र किंमत त्या मानाने कमी घेतली पाहिजे. घोड्याच्या जागी मोटार घाला; नियम तोच राहतो. मीटर मागे फिरवणारा माणूस चोरी करू नये ही सातवी आज्ञा मोडतो, आणि खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञाही त्याच हाताने मोडतो. कुमसार केल्याने पापाची क्षमा होते. परंतु लुबाडलेले धन्याला परत करण्याचे कर्तव्य त्याने फिटत नाही. घेणाऱ्यांनीही स्वतःस अगदी निर्दोष समजू नये. घेताना वस्तूला नावे ठेवणारा व घेऊन गेल्यावर आपल्या चतुराईची बढाई मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या पुस्तकात वर्णिलेलाच आहे. अडचणीत सापडलेल्याची गरज ओळखून त्याची वस्तू मातीमोलाने उचलणे ही चतुराई नव्हे.

परदेशी घेतलेली मोटार पुढे गावी आणू, असा बेत काही जण करतात. त्यांना साधारण नियम ठाऊक असावा. तीन वर्षांहून अधिक जुनी मोटार भारतात आयात करता येत नाही, तिचे स्टिअरिंग उजवीकडेच असावे लागते, आणि जकात तर डोळे फिरवणारी असते. आखातातील मोटारींचे स्टिअरिंग डावीकडे असते. म्हणजे तेथे स्वस्तात घेतलेली दहा वर्षांची मासेराती आपल्या अंगणात कधीच उभी राहणार नाही. ती जिथे घेतली तिथेच, आणि बहुधा घेतली त्याहून कमी भावाने, विकावी लागणार.

मग करावे काय? लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आपल्या प्रभूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्याने पाया घालूनच त्याचे काम थांबते व लोक त्याला हसतात. शिष्यत्वाचे मोल समजावण्यासाठी दिलेला हा दाखला आहे. परंतु प्रभूने तो व्यवहारातून घेतला, आणि व्यवहारातही तो खराच ठरतो. म्हणून ज्या तरुणाला अशी मोटार घ्यावीशी वाटते, त्याने एक कागद घ्यावा. त्यावर खरेदीची किंमत लिहावी. तिच्याखाली वर्षाचा विमा, टायर, तेल, देखभाल, आणि एका अनपेक्षित मोठ्या दुरुस्तीची रक्कम लिहावी. कागदाच्या दुसऱ्या बाजूला घराचे कर्ज, धाकट्या बहिणीचे लग्न, वडिलांचे औषधपाणी व मुलांचे शिक्षण लिहावे. मग तो कागद पत्नीला आणि आईवडिलांना वाचून दाखवावा. लग्न झालेल्या पुरुषाचे वेतन एकट्याचे नसते, आणि जी खरेदी पत्नीपासून लपवावीशी वाटते तिच्यात काहीतरी बिघाड आहे असे खुशाल समजावे. हिशेब जुळला, घरच्यांनी आनंदाने मान डोलावली, तर आम्ही त्या मोटारीवर आशीर्वादाचे पाणी शिंपडण्यास आनंदाने येऊ. नाही जुळला, तर नाकापेक्षा मोती जड झाला असे समजावे, आणि घरच्यांचा सल्ला शिरोधार्य मानून साधी, टिकाऊ मोटार घ्यावी. तिनेही माणूस मिस्साला वेळेवर पोहोचतो.

हा उपदेश केवळ संसारी माणसांसाठी नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये धर्मगुरुपदाच्या उमेदवारांना सांगितले होते की, नव्यातल्या नव्या मोटारीत बसलेला धर्मगुरू वा धर्मभगिनी पाहून मनास यातना होतात. त्याच वर्षी व्हेरोनाच्या एका धर्मगुरूंनी त्यांना १९८४ सालची, तीन लाख किलोमीटर चाललेली रेनो मोटार भेट दिली व त्यांनी ती स्वीकारली. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये लाम्बोर्गिनी कारखान्याने त्यांना आपली उराकान ही नवी मोटार अर्पण केली. त्यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली आणि ती विक्रीस काढावयास सांगितले. मे २०१८ मधील लिलावात तिचे ७,१५,००० युरो आले, आणि त्यातील मोठा वाटा इराकमधील निनवेच्या मैदानात उद्‌ध्वस्त झालेली ख्रिस्ती गावे पुन्हा वसवण्यास देण्यात आला. घर गमावलेल्या कुटुंबांना त्या मोटारीतून छप्पर मिळाले.

आपल्या मुलांचा घाम त्या परक्या देशांच्या उन्हात गळत आहे. त्या घामाच्या पैशाने काय उभे राहावे, याचा विचार त्यांनी शांतपणे, घरच्यांसोबत व प्रार्थनापूर्वक करावा. पवित्र मरिया माता व संत योसेफ, ज्यांनी नासरेथच्या सुताराचे घर हिशेबाने व समाधानाने चालवले, ते आपल्या सर्व कुटुंबांचे रक्षण करोत.