स्वस्तातले विमान

आमचे भायखळ्याचे मामा मोटारदुरुस्तीत मुरलेले. म्हणतात, जुने एक-इंजिनी विमान म्हणजे जुनी मोटारच. स्वस्तात घ्यावे, ठोकठाक करून वापरावे. मला हे साफ नामंजूर! मोटार खडा पारशीपाशी बंद पडली तर चार पोरे ढकलतील. आकाशात कोण ढकलणार?

जुनेपणाशी माझे भांडण नाही. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. टाटांनी १९३० च्या दशकातल्या लेपर्ड मॉथमधून कराची ते जुहू उड्डाण केलेच की! पण खरेदीची किंमत हा नुसता विसार. हँगरचे भाडे, परवानाधारक अभियंत्याची तपासणी, इंधन, शिवाय मुंबईचा खारा वारा धातू कुरतडतो तो वेगळाच. इंजिन तर कुरकुरत नसले तरी साधारण दोन हजार तासांनी पुरते उघडून जुळवावे लागते. तेवढे पैसे आधी बाजूला काढा, मामा. मग विमान बघायला मीही येतो.