ढेकराची किंमत कोणी ठरवायची?

४ सप्टेंबर २००३ रोजी न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, शेतकऱ्यांचा मोर्चा संसदेवर धडकला. विरोधी नॅशनल पक्षाचे खासदार शेन आर्डर्न यांनी ‘मर्टल’ नावाचा एक जुना ट्रॅक्टर थेट संसद भवनाच्या पायऱ्यांवर चढवला. निमित्त होते हेलन क्लार्क यांच्या सरकारने सुचवलेल्या एका अधिभाराचे. गाई-मेंढ्यांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनवर संशोधन करायचे आणि त्यासाठी पशुपालकांकडून वर्षाला ८४ लाख डॉलर गोळा करायचे, असा तो बेत होता. गायीमागे वर्षाला एक डॉलरही पडणार नव्हता. पण वर्तमानपत्रांनी त्याला पादण्यावरचा कर म्हणून हिणवले, गावोगावी संताप उसळला आणि त्याच वर्षी सरकारने माघार घेतली.

पुढची वीस वर्षे हाच वाद फिरून फिरून पेटत राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जॅसिंडा आर्डर्न यांच्या सरकारने २०२५ पासून प्रत्येक शेताच्या उत्सर्जनावर आकार लावण्याचा आराखडा मांडला. लगेच ‘ग्राउंडस्वेल’ या संघटनेच्या हाकेवर देशभर ट्रॅक्टर रस्त्यावर आले. २०२३ मध्ये सरकार बदलले. जून २०२४ मध्ये नव्या सरकारने शेतीला उत्सर्जन व्यापार योजनेतून बाहेर काढण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मिथेनवर कर लावणार नाही, असे सांगून टाकले. सोबत २०५० पर्यंतचे मिथेन कपातीचे लक्ष्यही खाली आणले: २०१७ च्या तुलनेत २४ ते ४७ टक्क्यांऐवजी १४ ते २४ टक्के.

आपल्याकडे ही बातमी आली की तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले जाते. गंमत संपली की दोन मते पुढे येतात. शहरातला वाचक म्हणतो, शेतकऱ्याला हवामानबदल कळत नाही, मतांच्या जोरावर तो देशाला वेठीला धरतो. गावाकडचा म्हणतो, ज्यांनी कधी गोठ्यात पाय ठेवला नाही त्यांनी गायीच्या रवंथावर कर लावायला काढला आहे. या दोन्ही मतांत न्यूझीलंडच्या शेतकऱ्यावर अन्याय होतो. पहिले मत त्याला अडाणी ठरवते. दुसरे मत त्याच्या रागाला असा आधार देते, जो टिकणारा नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या सर्वांत भक्कम रूपात. शेतकरी म्हणतो, गायीने सोडलेला मिथेन जमिनीखालून उपसलेल्या कोळशाचा धूर नव्हे. गवताने हवेतला कार्बन घेतला, गायीने गवत खाल्ले, कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांनी त्यातल्या काही भागाचा मिथेन केला आणि तो ढेकरावाटे हवेत गेला. साधारण बारा वर्षांत तो विरतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पुन्हा गवतात जातो. कळप तेवढाच राहिला तर जेवढा मिथेन हवेत जातो जवळपास तेवढाच विरतो, मग नवी तापमानवाढ येते कुठून? शिवाय आम्ही दूध-मटण कमी केले तर जग ते दुसऱ्या देशाकडून घेईल आणि तो देश कदाचित लिटरमागे जास्त मिथेन सोडत असेल. आणि शेवटचा मुद्दा, जो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे: वर्षभर मोकळ्या कुरणात चरणाऱ्या गायीचा ढेकर कमी करण्याचे साधन आमच्या हातात कोणते आहे? जनावरे विकणे एवढेच.

हे मुद्दे पोरकट नाहीत. पहिला मुद्दा ऑक्सफर्डच्या माइल्स ॲलन यांच्यासारख्या हवामानशास्त्रज्ञांच्या मांडणीतूनच आलेला आहे. अल्पायुषी मिथेन आणि शतकानुशतके साचत जाणारा कार्बन डायऑक्साइड एकाच मापाने मोजणे चूक आहे, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे. शेतकऱ्याने विज्ञान नाकारलेले नाही, त्याने विज्ञानातला आपल्या सोयीचा भाग उचलला आहे.

गैरसोयीचा भाग त्याने सोडला, तो असा. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. आजवर पृथ्वी जेवढी तापली त्यात साधारण अर्धा अंश सेल्सिअस एकट्या मिथेनचा आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा सहावा अहवाल सांगतो. माणसाच्या व्यवहारातून निघणाऱ्या मिथेनपैकी जवळपास एक तृतीयांश पशुधनाचा. कळप स्थिर ठेवला तर ही उष्णता वाढत नाही, पण ती उतरतही नाही. गॅसवर ठेवलेल्या पातेल्याखालची आच तेवढीच ठेवली म्हणून पातेले थंड होत नाही. उलट मिथेन लवकर विरतो याच कारणाने तो घटवला की फळ एका पिढीच्या आत दिसते. तो अल्पायुषी आहे, हा युक्तिवाद कपातीच्या विरोधात जात नाही, बाजूने जातो.

आणि कळप स्थिर होता, हेही खरे नाही. न्यूझीलंडमध्ये १९९० साली सुमारे ३४ लाख दुभती गुरे होती, २०१४ पर्यंत ती ६७ लाखांच्या घरात गेली. दुसरीकडे १९८२ साली ७ कोटी असलेल्या मेंढ्या आता अडीच कोटींहूनही कमी झाल्या आहेत. म्हणजे ‘आमचा कळप तेवढाच आहे’ हे वाक्य मेंढपाळ म्हणाला तर तो स्वतःला कमी श्रेय देतो, दूधवाला म्हणाला तर ते धडधडीत चूक ठरते. २०२२ च्या आराखड्याबाबत सरकारच्याच अंदाजानुसार मेंढी आणि मांसाच्या शेतीचे निव्वळ उत्पन्न पाचव्या हिश्शाच्या आसपास घटणार होते, दुग्धव्यवसायाचे त्याहून बरेच कमी. ज्याने जनावरे घटवली त्याच्यावर मोठा घाव आणि ज्याने वाढवली त्याच्यावर ओरखडा, असा तो हिशेब होता. मोर्चात दोघे शेजारी उभे होते, म्हणून त्यांचा राग एकच मानण्याचे कारण नाही. मेंढपाळाचा राग न्याय्य होता. त्याच्या शेजारची डोंगरउताराची कुरणे झाडांनी शोषलेल्या कार्बनवर मिळणाऱ्या श्रेयांच्या मोहाने पाइनच्या लागवडीखाली जात होती. कुटुंबे गेली की शाळेचा पट घटतो, कातरणी करणाऱ्या टोळ्यांचे काम जाते, गावातले दुकान बंद पडते. हे नुकसान उत्सर्जनाच्या कुठल्याही तक्त्यात मोजले जात नाही.

‘एवढासा कर, त्याला एवढा विरोध?’ असे विचारणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९८४ साली सत्तेवर आलेल्या लेबर सरकारने शेतीची जवळजवळ सगळी अनुदाने झपाट्याने काढून घेतली. हजारो शेते बुडतील अशी भाकिते झाली, प्रत्यक्षात एक टक्क्याच्या आसपास शेतकऱ्यांवर शेत सोडण्याची वेळ आली. बाकीचे तगले. तेव्हापासून हा शेतकरी अनुदानाविना जगाच्या बाजारात उभा आहे आणि त्याच बाजारात युरोपचा शेतकरी अनुदान घेऊन उतरतो. वेलिंग्टनहून येणाऱ्या प्रत्येक नव्या आकाराकडे तो संशयाने पाहतो, यात नवल नाही.

तरीही सगळ्यात जड दोष त्याच्या पदरात पडतो तो हा. न्यूझीलंडच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. २०१० पासून उत्सर्जन व्यापार योजनेमुळे तिथला नागरिक पेट्रोल भरताना उत्सर्जनाची किंमत मोजतो, कारखानदार मोजतो, वीज वापरणारी गृहिणी मोजते. गाई-मेंढ्यांच्या मिथेनला मात्र आजवर छदामही पडलेला नाही. उत्सर्जनाचा निम्मा भाग किमतीच्या बाहेर ठेवून उरलेल्या निम्म्यावर सगळा भार टाकायचा, हा न्याय कोणत्याही ग्रामपंचायतीत मान्य होणार नाही. १४ ते २४ टक्क्यांचे नवे लक्ष्यही ‘तापमानात नवी भर नको’ एवढ्याच किमान कसोटीवर काढलेले आहे. म्हणजे शेतकऱ्याची स्वतःची कसोटी घेतली तरी कपात शून्य होत नाही. ती कोण करणार आणि खर्च कोण उचलणार, याचे उत्तर कर रद्द करून मिळालेले नाही.

मग राग कशावर असायला हवा होता? किंमत ठरवण्याच्या पद्धतीवर. २०१९ मध्ये सरकार, शेतकरी संस्था आणि माओरी प्रतिनिधी यांनी ‘हे वाका एके नोआ’ ही भागीदारी उभी केली. तीन वर्षे खपून २०२२ मध्ये तिने शेतपातळीवरच्या आकाराची शिफारस केली. हे नीट वाचायला हवे: शेतकऱ्यांच्या मोठ्या संस्थांनी किंमत तत्त्वतः मान्य केली होती. सरकारने अंतिम आराखड्यात दर ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे ओढला आणि शेतातल्या झाडोऱ्याला मिळणारे श्रेय कमी केले. वाटाघाटीत दिलेला शब्द कागदावर बदलला की शेतकरी पुन्हा बैठकीला येत नाही, ट्रॅक्टर काढतो. ग्राउंडस्वेलला जे बळ मिळाले त्यातले पुष्कळसे इथून आले.

डेन्मार्कमध्ये हेच काम वेगळ्या रीतीने झाले. २४ जून २०२४ रोजी सरकार, शेतकरी महासंघ, उद्योग, कामगार संघटना आणि निसर्गसंवर्धन संस्था यांनी एकत्र बसून करार केला. २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर टनाला ३०० क्रोन, २०३५ मध्ये ७५० क्रोन. पण साठ टक्के वजावट, त्यामुळे प्रत्यक्ष भार १२० आणि ३०० क्रोनचा. वजावट सरासरी उत्सर्जनावर बेतलेली असल्याने जो गोपालक सरासरीपेक्षा कमी मिथेन सोडेल त्याला कमी भरावे लागेल. पहिल्या दोन वर्षांचा पैसा शेतीतल्याच बदलासाठी परत जाणार आहे. जोडीला अडीच लाख हेक्टर नवे जंगल आणि १ लाख ४० हजार हेक्टर पाणथळ जमीन पूर्ववत करण्याची योजना, त्यासाठी सुमारे ४३ अब्ज क्रोन. सुरुवातीला गायीमागे वर्षाला सातशे क्रोनच्या आसपास भार पडेल असे गणित मांडले गेले. डॅनिश गाय वर्षाला दहा हजार किलोंहून जास्त दूध देते, म्हणजे लिटरमागे सहा-सात ओर, आणि शंभर ओरचा एक क्रोन होतो. एवढ्याने डेन्मार्कचे दूध परदेशी पळून जाईल, हे पटत नाही.

डेन्मार्कचे सगळे सुरळीत आहे असे मुळीच नाही. ‘बेरेडिग्टिग्ट लँडब्रुग’ ही शेतकऱ्यांची दुसरी संघटना पहिल्यापासून विरोधात आहे. मिथेन कमी करणारे ‘बोव्हाएर’ हे खाद्यपूरक २०२५ मध्ये मोठ्या गोठ्यांतून सक्तीने वापरात आले, तेव्हा काही गोपालकांनी गाई आजारी पडत असल्याच्या तक्रारी केल्या, काहींनी ते देणे थांबवले. या तक्रारी ऐकल्याच पाहिजेत. गाय खाते आहे का, दूध कमी झाले का, हे सगळ्यांत आधी तिच्या मालकाला दिसते. साधन पुरते पारखण्याआधी सक्ती केली की लोकांचा साधनावरचाच नव्हे, हेतूवरचाही विश्वास उडतो. ब्रिटनमध्ये २०२४ च्या अखेरीस याच पूरकावरून अफवा पसरल्या आणि लोकांनी दूध मोरीत ओतल्याची दृश्ये समाजमाध्यमांवर फिरली.

तेव्हा योग्य मिथेन-आकार असा असावा. तो डोक्यागणिक नसावा, शेतातल्या मोजता येणाऱ्या उत्सर्जनावर असावा, म्हणजे चांगला चारा, निरोगी जनावर, निवडक पैदास यांचे फळ शेतकऱ्याच्या खिशात दिसेल. न्यूझीलंडच्या ॲगरिसर्च संस्थेने कमी मिथेन सोडणाऱ्या मेंढ्यांची पैदास करून दाखवली आहे आणि कमी आणि जास्त मिथेन सोडणाऱ्या कळपांतला फरक दहा टक्क्यांहून जास्त आहे. कुरणात चरणाऱ्या जनावराला दिवसभर पूरक खाऊ घालता येत नाही, पण मेंढा निवडता येतो. गोळा झालेली रक्कम त्याच भागात, त्याच धंद्यात परत गेली पाहिजे. दर ठरवणाऱ्या मंडळात शेतकरी असला पाहिजे आणि एकदा ठरलेले सूत्र मंत्रालयात परस्पर बदलता कामा नये. एवढ्या अटी मान्य झाल्या तर विरोधाला तात्त्विक जागा उरत नाही.

कर टळला म्हणून न्यूझीलंडचा गोपालक सुटला, असेही नाही. तिथल्या दुधाचा फार मोठा हिस्सा निर्यात होतो आणि खरेदीदार आता स्वतःच हिशेब मागतात. फॉन्टेरा या सहकारी संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शेतावरच्या उत्सर्जनाची तीव्रता २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी उतरवण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्यामागे मोठ्या ग्राहक कंपन्यांचा आणि कर्ज देणाऱ्यांचा तगादा आहे. सरकारच्या दरावर मोर्चा नेता येतो, निवडणुकीत तो पाडता येतो. खरेदीदाराच्या अटींवर शेतकऱ्याचे मत चालत नाही.

भारतात असा कर कोणी सुचवलेला नाही आणि २०२१ च्या जागतिक मिथेन संकल्पात भारत सहभागी नाही. लहान शेतकऱ्याचे उत्सर्जन चैनीचे नसून जगण्याचे आहे, ही सरकारची भूमिका योग्यच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाय-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या, त्यातल्या बहुतेक दोन-चार जनावरांच्या दावणीला. महाराष्ट्रात डोक्यागणिक कर तर उघड अन्याय ठरेल, कारण २०१५ च्या कायद्यानंतर भाकड गाय काय आणि म्हातारा बैल काय, कत्तलीसाठी विकता येत नाही. जे जनावर कायद्याने पोसायलाच लावले त्याच्या ढेकरावर पैसे मागता येत नाहीत. गायीच्या दुधाला लिटरमागे पाच आणि पुढे सात रुपये अनुदान देऊन ज्या राज्याला दूध उत्पादक सावरावा लागला, तिथे तर नाहीच.

पण मिथेन म्हणजे जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातली वाया गेलेली ऊर्जाही आहे आणि चाऱ्याचे पैसे शेतकरीच मोजतो. मुरघास, संतुलित पेंड आणि वेळेवर माजावर येणारी गाय यांतून लिटरमागचा मिथेन उतरतो आणि खर्चही उतरतो. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले आहे. ते १७ ते २० टक्के मिथेन घटवते, असे संस्था सांगते. ते आपल्या गोठ्यांतल्या गाई-म्हशींवर पारखून घ्यायचे कोणी, त्याचा खर्च संघ उचलणार की शासन, आणि कमी मिथेनच्या दुधाला वाढीव दर मिळणार का, हे प्रश्न दूधसंघांच्या वार्षिक सभेत सभासदांनी आत्ताच विचारावेत. दर ठरवणारे दुसरेच कोणी दारात उभे राहण्याच्या आधी.