ग्लँड ठिबकतेय? ठिबकू द्या!

सोनईच्या पोराने बोटीच्या शाफ्टवर लेख लिहिलाय म्हटल्यावर तुम्हाला हसू येणारच. आमच्या नेवासे तालुक्यातून समुद्र गाठायचा तर अख्खा सह्याद्री ओलांडावा लागतो. आमच्याकडे काय, तर मुळा धरणाचा कालवा, ऊस आणि साखर कारखाना! पण मेकॅनिकलवाल्याने जरा विचार करावा. बोटीत इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर पाण्यात. मधला शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जातो आणि सतत फिरतो. त्याच्याभोवतीच्या फटीतून पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं? विहिरीवरच्या जुन्या पंपाला जे करतात तेच. स्टफिंग बॉक्स, त्यात ग्रीस लावलेल्या दोरीच्या रिंगा, वरून ग्लँड आणि ती आवळायला नट. रत्नागिरीच्या ट्रॉलरमध्ये आणि आमच्याकडच्या पंपात फरक एवढाच, की बोटीत पाणी आत येऊ द्यायचं नसतं आणि पंपात बाहेर जाऊ द्यायचं नसतं.

माझं म्हणणं असं, की ही आकृती आपण सगळे पेपरात काढतो, पण ती सांभाळायची कशी हे आपल्याला कुणी शिकवत नाही. आणि खरं इंजिनिअरिंग तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ग्लँड ठिबकते हा बिघाड नव्हे. शाफ्ट फिरताना दोरीवर घासतो, घासला की तापतो. थोडंसं पाणी झिरपलं तरच तिथे वंगण राहतं आणि थंडावा मिळतो. म्हणून बोट चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेले चांगले. बोट उभी असताना मात्र ठिबक जवळजवळ थांबली पाहिजे. पंपाला तर याहून जास्त थेंब लागतात. नवशिका माणूस थेंब दिसला की पाना घेऊन धावतो आणि नट करकचून आवळतो. थेंब बंद होतो, मालक खूश होतो. पण आत दोरी जळून कडक होते, शाफ्टला खाच पडते, आणि मग कितीही नवी दोरी भरली तरी गळती काही थांबत नाही.

दुसरी गोष्ट दोरी भरण्याची. लांबच लांब दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून कोंबायची नसते. शाफ्टच्या मापाच्या वेगवेगळ्या रिंगा कापायच्या आणि एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दोन्ही नट सारखे, थोडे थोडे आवळायचे, नाहीतर ग्लँड तिरकी बसते. मग शाफ्ट फिरवून हाताने बॉक्सची उष्णता बघायची, आणि सगळं जमलं की चेकनट लावून पक्कं करायचं. हे चेकनटचं काम लोक हमखास विसरतात. इंजिनाच्या थरथरीने नट सैल झाला तर बोटीत पाणी भरतं. पंपात उलटा खेळ होतो. तिथल्या ग्लँडवर ओढ असेल आणि ती सैल झाली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ‘पंप हवा घेतोय’ म्हणून शेतकरी फूटव्हॉल्व्ह काढून बघतो आणि दोष निघतो ग्लँडमध्ये!

आता काही जण म्हणतील, हे जुनं झालं. नव्या बोटींना मेकॅनिकल सील असतं, ते ठिबकतच नाही. बरोबर आहे. त्यात कार्बनची स्थिर चकती रबरी बेलोजवर बसते आणि शाफ्टसोबत फिरणारी स्टीलची चकती तिला दाबून धरते. शाफ्ट झिजत नाही, पाणी सांडत नाही. मीही याच्या बाजूचाच आहे. पण ‘बसवा आणि विसरा’ हे मला मान्य नाही. ती स्टीलची चकती शाफ्टवर छोट्या स्क्रूंनी धरलेली असते आणि बेलोज तिला सतत इंजिनाकडे ढकलत असतो. स्क्रू सैल होऊन चकती सरकली की सीलचं तोंड उघडतं. म्हणून एका स्क्रूवर दुसरा स्क्रू बसवून तो लॉक करतात, एकदा काढलेला स्क्रू पुन्हा वापरत नाहीत, आणि जाणकार माणूस चकतीच्या पुढे इंजिनाच्या बाजूला शाफ्टवर आणखी एक कॉलर आवळून ठेवतो. बेलोज कडक झालाय का, क्लिपा गंजल्यात का, हेही बघावं लागतं. म्हणजे थेंब मोजायचं काम गेलं, तरी बघायचं काम राहिलंच.

दुर्लक्ष किती महाग पडतं ते बघा. 8 नोव्हेंबर 2018 रोजी नॉर्वेची युद्धनौका ‘हेल्गे इंगस्टाड’ एका तेलवाहू जहाजाला धडकली. भोक धडकेने पडलं हे खरं. पण तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार पाणी पोकळ प्रोपेलर शाफ्टमधून गिअर रूममध्ये गेलं आणि तिथून भिंतींमधल्या स्टफिंग बॉक्सांतून इंजिन रूममध्ये शिरलं. ज्या भिंतींनी पाणी अडवायचं, त्याच भिंतींतून ते पुढे सरकलं. एवढी मोठी युद्धनौका कायमची गेली.

आपल्याकडे डिझाईनला मान आणि मेंटेनन्सला ग्रीसचे हात, असं ठरूनच गेलंय. कॅम्पस इंटरव्ह्यूत कुणी ‘मला मेंटेनन्स आवडतं’ म्हणालं, तर बाकीचे एकमेकांकडे बघतात. पण गळीत हंगामात रसाचा पंप बंद पडला तर कारखाना ज्याला आधी हाक मारतो, तो फिटर असतो. योगायोग असा, की कोकणातल्या बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून दुरुस्त होतात आणि साखर कारखान्याची यंत्रंही पावसाळ्यातच उघडतात. दोघांनाही ठाऊक आहे, की चालू हंगामात सवड मिळत नसते.

म्हणून माझी साधी मागणी आहे. वर्कशॉपमध्ये एक जुना पंप उघडून ठेवा. प्रत्येक बॅचने त्यात दोरी भरावी, पंप चालवावा, थेंब मोजावेत आणि हाताने उष्णता बघावी. शिकवायला एखाद्या कारखान्यातला अनुभवी फिटर बोलवा, आणि त्याला खुर्ची आपल्या सरांच्या शेजारी द्या. याचे मार्क टर्मवर्कमध्ये धरा, म्हणजे कुणी दांडी मारणार नाही!