नूतनचा स्वतःचा गळा

नूतनचं नाव निघालं की 'सुजाता' आणि 'बंदिनी' पाठोपाठ येतातच. मग 'सीमा', 'मिलन', 'मैं तुलसी तेरे आँगन की'. उत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर पारितोषिकं, १९७४ची पद्मश्री. मराठी घरांत ही यादी तोंडपाठ असते, कारण नूतन म्हणजे समर्थांची मुलगी, आपल्यातली. या यादीत एक नाव मात्र सहसा कुणी घेत नाही: 'छबिली'. १९६०चा हा चित्रपट अभिनयासाठी कुणाच्या लक्षात राहिला नाही आणि त्यात अन्याय काही झाला नाही. पण 'छबिली'त नूतन गायली आहे. ओठ हलवून नव्हे, स्वतःच्या गळ्याने.

'छबिली'तलं 'ऐ मेरे हमसफर' रेडिओवर लागलं की जाणते श्रोतेसुद्धा क्षणभर अडखळतात. आवाज लताबाईंचा नाही, आशाबाईंचा नाही, गीता दत्तचाही नाही. मग हा कुणाचा? आवाज तसा बारीक नाही, फार जाडही नाही. तारसप्तकात झेप घेण्याचा हट्ट त्यात नाही, मध्यसप्तकात तो निवांत फिरतो. शब्द बोलल्यासारखे येतात आणि सुरावर नेमके टेकतात. 'बंदिनी'तली कल्याणी ज्या आवाजात बोलते तोच हा आवाज आहे, हे एकदा कळलं की मग गाण्यात नूतनच दिसायला लागते. 'छबिली'तच हेमंतकुमारांबरोबर तिचं एक द्वंद्वगीतही आहे. हेमंतदांच्या त्या भरीव, खोल आवाजाशेजारी हौशी गळा कधीच उघडा पडला असता. नूतन तिथे बिचकत नाही आणि आवाज चढवून बरोबरी करायलाही जात नाही. आपल्या पट्टीत राहून ती त्या गाण्यात आपली जागा धरते. ही समज नुसत्या हौशीने येत नाही.

समज आली ती घरातून आणि तालमीतून. नूतनचा जन्म ४ जून १९३६ रोजी मुंबईत झाला. वडील दिग्दर्शक कुमारसेन समर्थ, आई 'रामराज्य'मधली सीता म्हणून देशभर ओळखली गेलेली शोभना समर्थ. नलिनी जयवंत ही शोभनाबाईंची नात्यातली बहीण, म्हणजे नूतनची मावशी. तिने १९४१च्या 'बहन'मध्ये आपली गाणी स्वतः गायली होती. नूतनने लहानपणीच शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. १९५० साली शोभनाबाईंनी मुलीला पडद्यावर आणण्यासाठी स्वतःच 'हमारी बेटी' काढला, स्वतःच दिग्दर्शित केला, आणि त्यात चौदा वर्षांच्या नूतनला गाणंही दिलं. त्या गाण्याला चाल लावली होती स्नेहल भाटकरांनी.

या भाटकरांवर थोडं थांबायला हवं. मूळ नाव वासुदेव भाटकर. एचएमव्हीत नोकरीला होते, बाहेर स्वतःच्या नावाने संगीत देणं अडचणीचं होतं, म्हणून त्यांनी मुलीचं नाव घेतलं आणि जन्मभर त्याच नावाने ओळखले गेले. भजन हा त्यांचा खरा जीव. मुंबईतल्या भजनरसिकांनी त्यांना सिनेमापेक्षाही त्या बैठकींसाठी मानलं. हमरस्त्यावर नसलेल्या आवाजांवर विश्वास टाकण्याची त्यांची एक खास वृत्ती होती. १९६० साली त्यांनी 'छबिली'त नूतनला गाऊ दिलं आणि पुढच्याच वर्षी 'हमारी याद आयेगी'मध्ये मुबारक बेगमना असं गाणं दिलं की ते त्यांची जन्माची ओळख होऊन बसलं. मोठ्या बॅनरकडे न जाता, थोड्या वादकांत, आवाजाचा स्वभाव ओळखून चाल बांधणारा हा माणूस नसता तर नूतनचा गळा रेकॉर्डवर आला असता की नाही, शंकाच आहे.

दहा वर्षांच्या अंतराने आलेले 'हमारी बेटी' आणि 'छबिली' हे दोन्ही चित्रपट आईचे. मधल्या काळात नूतनने 'सीमा' केला, 'पेइंग गेस्ट' केला, 'दिल्ली का ठग' केला, 'सुजाता' केला. तिची गाणी घरोघर वाजत होती आणि त्यांपैकी एकाही गाण्यात तिचा आवाज नव्हता. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. शांता आपटेंनी १९३७च्या 'कुंकू'मध्ये गायचं आणि अभिनयही करायचा, हा शिरस्ता होता. नट हवा तर गाता हवा. पार्श्वगायन रुळलं तसा हा शिरस्ता मोडला. १९४९च्या 'महल' आणि 'बरसात'नंतर तर लताबाईंचा आवाज हाच नायिकेचा आवाज ठरला. संगीतकार त्या पल्ल्याच्या चाली बांधू लागले, रेकॉर्ड गायिकेच्या नावावर खपू लागली. सुरैया तेवढी शेवटपर्यंत स्वतःची गाणी गात राहिली, पण ती आधीच्या पिढीची. नूतन नेमकी या बदलाच्या तोंडावर आली. गाता गळा असणं ही नायिकेची जमेची बाजू राहिलीच नव्हती. नुकसान झालं ते एवढंच की, ज्यांचा आवाज चांगला होता त्यांनाही कुणी विचारलं नाही. दिलीपकुमारसुद्धा १९५७च्या 'मुसाफिर'मध्ये सलील चौधरींच्या संगीतात लताबाईंबरोबर एकदा गायला आणि बस्स, पुन्हा 'ट्रॅजेडी किंग' झाला.

पण नूतनचं गाणं वाया गेलं नाही. ते तिच्या अभिनयात उतरलं, आणि याचा पुरावा पडद्यावर ढळढळीत आहे.

'सीमा'मधलं 'मनमोहना' घ्या. जयजयवंतीतली शंकर-जयकिशनची चाल, आवाज लताबाईंचा. त्या काळच्या बहुतेक नायिका असल्या गाण्यात ओठ हलवत, मान डोलवत आणि तान आली की तोंड फिरवून घेत. नूतन तसं करत नाही. ओळ सुरू होण्याआधी ती श्वास घेते. तो श्वास दिसतो. तान येते तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा ताणतात, हनुवटी किंचित हलते, आणि समेवर येताना चेहरा सैल होतो. तान कुठे फिरणार आहे हे ती जाणते, कारण तिने कधीतरी ती वाट स्वतः चालून पाहिली आहे. गायला शिकलेल्या माणसालाच कळतं की गाताना डोळे श्रोत्याकडे नसतात, ते आत वळलेले असतात. हे गाणं चित्रित झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांचीही नसेल. आपल्या गाण्यांवर पडद्यावर सर्वांत खरी वाटते ती नूतन, अशा आशयाची दाद खुद्द लताबाईंनी दिली होती.

'मिलन'ची गोष्ट आणखी गमतीची. 'सावन का महीना'मध्ये सुनील दत्तचा नावाडी जमीनदाराच्या मुलीला गाणं शिकवतो. ती शहाण्या उच्चारात 'श' म्हणते, तो तिला गावाकडचा 'स' म्हणायला लावतो. ती पुन्हा चुकते, तो पुन्हा सांगतो. गाता येत असलेल्या बाईने गाता न येण्याचा अभिनय करायचा, हे सोपं नाही. हौशी नटी इथे खोटी बेसूर होते. नूतन फक्त उच्चारात चुकते. लय सोडत नाही. विद्यार्थिनी नवी असली तरी कान तयार आहे, हे ती त्या दोन-चार क्षणांत दाखवते. त्या वर्षीचं फिल्मफेअर तिलाच मिळालं.

आणि 'सुजाता'तल्या टेलिफोनवरच्या गाण्यात तर तिला एक शब्दही नाही. तलत महमूदच्या आवाजात सुनील दत्त पलीकडून गातो, अलीकडे ती रिसीव्हर कानाला धरून उभी. बिमल रॉयनी कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळवला आणि तिने नुसतं ऐकलं. गाणं ऐकताना माणूस कसा दिसतो, हे हिंदी सिनेमात याहून चांगलं क्वचितच दिसलं असेल. सचिनदेव बर्मनची चाल तिच्या चेहऱ्यावरून सरकते: आधी संकोच, मग न आवरणारा आनंद, मग पाणी. पार्श्वगायनाने तिचा आवाज काढून घेतला, पण कान तिच्याजवळच राहिला. त्या कानानेच तिला मोठी नटी केलं, असं या स्तंभाचं ठाम मत आहे.

'छबिली'नंतर मायलेकींमध्ये पैशांच्या व्यवहारावरून वितुष्ट आलं, प्रकरण कोर्टात गेलं, कित्येक वर्षं अबोला राहिला. ज्या एका निर्मातीने नूतनला गायला सांगितलं होतं तिचंच दार बंद झालं. बाहेरच्या सिनेमाने पुढच्या तीस वर्षांत तिच्या गळ्याची जवळजवळ दखल घेतली नाही. उत्तरायुष्यात ती अध्यात्माकडे वळली. भजनं लिहू लागली, गाऊ लागली. कॅमेरा नाही, ऑर्केस्ट्रा नाही, तिकीटबारी नाही. गाण्याची ती ओढ शेवटपर्यंत टिकली. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने तिचं निधन झालं, तेव्हा ती अवघी चोपन्न वर्षांची होती. दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांत अभिनयाबद्दल रकाने भरले असतील. गायिका नूतनवर कुणी लिहिलं असेल तर ते एखाद्या ओळीत.

तिच्या गाण्याला 'नटीची हौस' म्हणून बाजूला सारणं आता थांबायला हवं. जुन्या गाण्यांच्या मैफली ठरवणाऱ्यांनी, आकाशवाणीवर फर्माईश निवडणाऱ्यांनी, वाद्यवृंद चालवणाऱ्यांनी गायिकांच्या यादीत तिचं नाव घ्यावं. लताबाई-आशाबाईंच्या शेजारी ती बसणार नाही, तिचा तसा दावाही नव्हता. पण एका पूर्ण संध्याकाळीत एक गाणं तरी तिचं असावं, एवढा तो आवाज नक्कीच चांगला आहे.

वाचकांनी या रविवारी एवढं करावं. 'मनमोहना' आवाज पूर्ण बंद करून पाहावं, फक्त तिचा गळा पाहावा. मग डोळे मिटून 'ऐ मेरे हमसफर' ऐकावं. घरात कुणी शेजारी असेल तर त्याला गायिकेचं नाव सांगू नये. आधी विचारावं, ओळखा कोण.