निनावी तक्रार म्हणजे चुगली नव्हे



पतसंस्थांतील गैरव्यवहार कळवण्यासाठी बाहेरच्या संस्थेकडे निनावी हेल्पलाइन सोपवावी, या सूचनेला ‘चुगलीला उत्तेजन’ म्हणणारे पत्र वाचले. ते पटले नाही. शिरूर अनंतपाळसारख्या गावात कारकून, संचालक आणि कर्जदार एकमेकांचे सोयरेधायरे असतात. फोन संस्थेतच उचलला, तर आवाजावरून माणूस ओळखू येतो. म्हणून ऐकणारा बाहेरचाच हवा. त्याने तक्रार नोंदवून क्रमांक द्यावा. चौकशी सहकार खात्यानेच करावी. खोट्या तक्रारींची भीती रास्त आहे. पण तारीख, पावती, खाते क्रमांक विचारला की कंड्या तिथेच गळतात.

अपहार-तपासनिसांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के अपहार कुणीतरी खबर दिल्यामुळेच उघड झाले. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ ने सूचीबद्ध कंपन्यांना तक्रार-यंत्रणा सक्तीची केली. आपल्या पतसंस्था त्या कायद्याखाली येत नाहीत; पण तिथली ठेव घामाचीच असते.

संचालकांनी येत्या वार्षिक सभेत अशा हेल्पलाइनचा ठराव आणावा. त्यांनी आणला नाही, तर सभासदांनी मागावा.

– एक ठेवीदार, शिरूर अनंतपाळ, जि. लातूर